अनुदानाच्या तारा आणि घसाऱ्याचा रकाना

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला वीज नेणाऱ्या तारा किती वर्षांच्या झाल्या, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढे दाखल होणाऱ्या कागदांत सापडत नाही. तिथे महावितरणची सगळी मालमत्ता राज्याच्या एकाच बेरजेत असते. मुलुंडचे उपकेंद्र, बारामतीकडचा शेतीपंपांचा फिडर आणि मोलगीच्या डोंगरातला लोखंडी खांब एका तक्त्यात येतात आणि त्या तक्त्याच्या तळाशी वर्षाचा घसारा लिहिलेला असतो. हे पुस्तक तळाच्या त्या ओळीबद्दल आहे. ती कशी तयार होते, तिच्यात काय धरतात, काय वगळतात आणि सामान्य वीजग्राहकाने ती कशी वाचावी, हे पुढच्या पानांत सांगायचा प्रयत्न केला आहे.

घसाऱ्यावर लिहिणारे बहुधा औष्णिक केंद्रांपासून सुरुवात करतात, कारण तिथल्या रकमा मोठ्या आणि कागद सुबक असतात. मी काठीपासून सुरुवात करतो आहे. जिथे वीज सर्वांत उशिरा पोहोचली आणि ती पोहोचवायला सरकारी अनुदान लागले, तिथे घसाऱ्याच्या नियमाचा परिणाम माणसांच्या जगण्यावर सर्वांत जास्त होतो. कागदावर मात्र तिथेच त्याची खूण सर्वांत पुसट असते.

आधी नियम पाहू. दुकानदाराला घसारा म्हणजे वस्तूची झीज. पाच वर्षांनी वजनकाटा बदलावा लागेल, म्हणून दरवर्षी त्याची थोडी किंमत खर्चात धरायची. वीजदराच्या हिशेबात घसाऱ्याचा अर्थ याहून वेगळा आणि नेमका आहे. कंपनीने खांब, तारा, रोहित्रे यांत गुंतवलेली रक्कम ग्राहकांकडून किती वर्षांत आणि किती हप्त्यांनी वसूल करायची, हे तो ठरवतो. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 61 खाली दर ठरवण्याच्या अटी घालण्याचा अधिकार आयोगाला मिळाला. महाराष्ट्र आयोगाने 2005, 2011, 2015, 2019 आणि 2024 साली असे विनियम काढले. त्यांतली आजची रीत थोडक्यात अशी: मूळ किमतीतले 10 टक्के भंगारमूल्य म्हणून बाजूला ठेवायचे आणि उरलेले 90 टक्के वसूल करायचे. जमिनीवर घसारा नाही. तारा, खांब, रोहित्रे यांच्यावर साधारणपणे वर्षाला 5.28 टक्के. मूळ किमतीच्या 70 टक्क्यांपर्यंत घसारा पोहोचला की उरलेली वसुली वस्तूच्या राहिलेल्या आयुष्यावर पसरून टाकायची.

5.28 हा दर कुठून आला, हे समजले की घसाऱ्याचे खरे काम उलगडते. केंद्रीय आयोगाने 2009 च्या विनियमांत हा दर बसवताना बारा वर्षांच्या कर्जाचा विचार केला. प्रकल्पाच्या खर्चात 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के भागभांडवल असे प्रमाण धरले जाते. वसूल करायच्या 90 टक्क्यांचे 70 टक्के म्हणजे 63. बारा वर्षांत 5.28 च्या दराने जमते 63.36. खांबाच्या झिजेशी या आकड्याचा फारसा संबंध नाही. तो कर्जाच्या हप्त्यांना जुळवून घेतलेला आहे. विनियमांत पुढे स्पष्टच म्हटले आहे की त्या वर्षाची कर्जफेड त्या वर्षाच्या मंजूर घसाऱ्याइतकी मानावी. म्हणजे बिलातून घसाऱ्यापोटी गोळा होणारा पैसा बँकेकडे जातो. नव्या खांबासाठी तो कुठल्या डब्यात साठत नाही. खांब बदलायची वेळ आली की नवे कर्ज, नवा प्रकल्प अहवाल, नवी मंजुरी. शहरात हे चक्र फिरत राहते, कारण कर्ज फेडले जाते आणि फेडलेल्या कर्जाच्या जोरावर नवे मिळते.

काठीत हे चक्र सुरूच होत नाही. त्याचे कारण विनियमांतल्या एका तरतुदीत आहे. जी मालमत्ता सरकारी अनुदानातून, ग्राहकाच्या अंशदानातून किंवा ग्राहकाने पैसे भरून करून घेतलेल्या कामातून उभी राहिली, तिच्या तेवढ्या भागावर घसारा, कर्जाचे व्याज आणि भांडवलावरचा परतावा यांपैकी काहीही दरात धरायचे नाही. देखभालीचा खर्च तेवढा धरायचा.

उदाहरण घेऊ. समजा डोंगरातल्या पाड्यांसाठी एक कोटी रुपयांची लाइन टाकली. ती कंपनीने स्वतःच्या कर्ज-भांडवलातून टाकली असती तर पहिल्या वर्षी दरात 5 लाख 28 हजार रुपये घसारा आला असता. तीच लाइन 90 टक्के अनुदानातून झाली असेल तर घसारा फक्त उरलेल्या दहा लाखांवर, म्हणजे 52 हजार 800 रुपये. खांब तेच, पाऊस तोच, झीजही तितकीच. आकडा दहापट लहान.

ही तरतूद न्याय्य आहे, असे मी मानतो. ज्या पैशासाठी कंपनीने कर्ज काढले नाही, भागधारकाने खिशात हात घातला नाही, तो ग्राहकाकडून पुन्हा वसूल करणे म्हणजे एकाच खांबाचे पैसे दोनदा घेणे. नागरिकाने करातून ते एकदा दिलेले आहेत. आयोगाने तरतूद ढिली ठेवली असती तर अनुदान हा कंपनीचा नफा झाला असता. प्रश्न उरतो तो पुढचा. अनुदानातून उभा राहिलेला खांब पडला की तो पुन्हा कोणाच्या पैशाने उभा राहायचा, याबद्दल ती तरतूद गप्प आहे. नवी योजना येईपर्यंत देखभालीच्या तुटपुंज्या रकमेवर भागवायचे, एवढेच हाती राहते.

सातपुड्यातली वीज अशा योजनांच्या पायऱ्या चढत वर गेली. एप्रिल 2005 मध्ये राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आली. तिच्यात भांडवली खर्चाचे 90 टक्के अनुदान आणि 10 टक्के कर्ज होते. 2014 च्या अखेरीस दीनदयाळ उपाध्याय ग्रामज्योती योजना आली, सप्टेंबर 2017 मध्ये सौभाग्य. या दोन्हींत महाराष्ट्रासारख्या राज्याला मूळ अनुदान 60 टक्के होते. आदिवासी उपयोजनेचा पैसा वेगळा. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या डोंगरी भागातल्या लाइनी बहुतांशी अशाच पैशावर उभ्या राहिल्या. जिथे तार नेणे परवडणारे नव्हते, तिथे सौर घरदिवे वाटले गेले. ते तर वीज कंपनीच्या वहीतही नाहीत. बॅटरी काही वर्षांत दमते, पत्रा छपरावर राहतो आणि कोणत्याही याचिकेत त्याच्या घसाऱ्याची ओळ नसते.

गावाचे विद्युतीकरण झाले हे ठरवण्याची कसोटीही इथे लक्षात ठेवायला हवी. 2004 च्या केंद्रीय व्याख्येनुसार वस्तीत मूलभूत यंत्रणा पोहोचली, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी वीज आली आणि किमान 10 टक्के घरांत जोडणी झाली की गाव विद्युतीकृत. ही कसोटी एका दिवसाची आहे. तो दिवस गेल्यावर तारा टिकल्या का, रोहित्र चालू राहिले का, हे विचारणारी दुसरी कसोटी नाही. पोहोचल्याची नोंद होते, झिजल्याची होत नाही. घसाऱ्याचा तक्ता हे झिजल्याची नोंद करू शकणारे एकमेव नियमित सरकारी कागदपत्र होते आणि अनुदानाच्या वजाबाकीने काठीसारखी गावे त्यातूनही जवळजवळ बाहेर गेली.

काठी हे काही अनोळखी गाव नाही. पश्चिम खानदेशातल्या मेवासी संस्थानांपैकी ते एक प्रमुख संस्थान. फाल्गुनातल्या तिथल्या राजवाडी होळीला सातपुड्याच्या कानाकोपऱ्यातून, गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही माणसे येतात. त्या होळीसाठी लागणारा उंच बांबू दरवर्षी नव्याने आणला जातो. तो कोणी निवडायचा, कसा आणायचा, खड्डा कोणी खणायचा, हे ठरलेले आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले जाते. गेल्या वर्षीचा बांबू यंदा चालेल का, हा प्रश्न कोणाला पडत नाही. विजेच्या खांबाबद्दल अशी ठरलेली जबाबदारी याच गावाला मिळालेली नाही. मला या तुलनेत अलंकार करायचा नाही. ज्या समाजाला सामूहिक वस्तूचे नूतनीकरण कसे करायचे हे इतके चांगले ठाऊक आहे, त्याला विजेच्या बाबतीत वाट पाहण्याखेरीज दुसरी भूमिका नाही, हे खरोखर दुःखाचे आहे.

डोंगरात डीपी जळते तेव्हा हिशेबात काय होते, ते पाहण्यासारखे आहे. आयोगाच्या कृतिमानकांत ग्रामीण भागातले नादुरुस्त रोहित्र किती तासांत बदलायचे, याची मर्यादा घालून दिलेली आहे. जळालेले रोहित्र उतरवतात, कार्यशाळेत नेतात आणि दुरुस्त झालेले दुसरे त्या जागी चढवतात. नवी खरेदी झाली नाही, म्हणून भांडवली खर्च नाही. दुरुस्तीचा खर्च देखभालीत गेला. मालमत्तेच्या तक्त्यात त्या दिवशी काहीच हललेले नाही; आठ दिवस अंधार होता की आठ तास, हे तिथून कळायला मार्ग नाही. खांबाचेही तसेच. पडलेला खांब मालमत्तेच्या यादीतून वजा व्हायला हवा आणि नवा जमा व्हायला हवा. वजा करणे राहून गेले तर कर्जातून उभारलेला पडका खांबही घसारा मिळवत राहतो आणि त्याचे पैसे मुलुंडच्या ग्राहकापासून मोलगीच्या ग्राहकापर्यंत सगळे देतात. म्हणून याचिकेत ‘वर्षातील वजावट’ या रकान्यात शून्य किंवा फारच लहान आकडा दिसला की थांबावे. लाखो खांब आणि लाखो रोहित्रे असलेल्या कंपनीत वर्षभरात काहीच मोडीत निघत नाही, हे शक्य नाही.

या आकड्यांशी काम करणाऱ्याने आणखी काही ठिकाणी सावध राहावे. कंपनीच्या वार्षिक ताळेबंदातला घसारा आणि दरयाचिकेतला घसारा वेगळे असतात. त्यांची तुलना करून घोटाळा सापडल्याचा आनंद अनेकांना झालेला आहे. ताळेबंदात अनुदानाच्या मालमत्तेवरही पूर्ण घसारा लागतो आणि अनुदानाचा तेवढाच हिस्सा दुसऱ्या बाजूला उत्पन्न म्हणून दाखवतात. याचिकेत तो आधीच वजा झालेला असतो. दोन्ही बरोबर आहेत. त्या दोहोंतला फरक हा अनुदानाचा माग काढण्याचा उत्तम धागा आहे, म्हणून या पुस्तकात मी दोन्ही आकडे शेजारी ठेवले आहेत.

याचिकेतला आकडा हा कंपनीचा दावा असतो. आदेशातला आकडा आयोगाने मान्य केलेला. आणि वर्ष सरून लेखापरीक्षण झाल्यावर अंतिम समायोजनात येणारा आकडा तिसरा. एकाच वर्षाचा घसारा असा तीन-चार ठिकाणी, तीन-चार रूपांत भेटतो. महावितरणच्या बाबतीत 2020-21 ते 2024-25 या काळासाठीचा मुख्य आदेश 30 मार्च 2020 चा, त्यावरचा मध्यावधी आढाव्याचा आदेश 31 मार्च 2023 चा. त्यामुळे मधल्या वर्षांचे आकडे दोन्हींत आहेत आणि जुळत नाहीत. कोणत्या वर्षाचा कोणता आकडा हे लिहून ठेवल्याखेरीज पुढे जाऊ नये. बातम्यांत छापला जाणारा आकडा बहुधा पहिला, म्हणजे दाव्याचा असतो.

विनियम बदलले की आकड्यांची साखळी तुटते. पूर्वीचे घसाऱ्याचे दर कमी होते आणि कर्जाचे हप्ते भागावेत म्हणून ‘घसाऱ्यापोटी आगाऊ रक्कम’ वेगळी धरली जाई. केंद्रीय आयोगाने 2009 मध्ये ती पद्धत बंद करून दरच वाढवला. त्यामुळे वीस वर्षांचा आलेख काढला आणि मध्येच उडी दिसली तर लगेच नव्या उपकेंद्रांचा शोध घेऊ नये. आधी त्या वर्षीचे विनियम उघडावेत. 70 टक्क्यांचा टप्पाही असाच चकवतो. 5.28 च्या दराने सव्वातेरा वर्षांत तो टप्पा येतो. वस्तूचे आयुष्य 35 वर्षे धरले तर उरलेले 20 टक्के पावणेबावीस वर्षांवर पसरतात आणि वर्षाचा घसारा एक टक्क्याच्याही खाली येतो. तक्त्यात घसरण दिसते. खांब मात्र काल होता तसाच आज उभा असतो.

मालक कोण, हेही पाहावे लागते. कोयनेचे जलविद्युत केंद्र महानिर्मिती चालवते. मालकी जलसंपदा विभागाची आहे. म्हणून महानिर्मितीच्या याचिकेत कोयनेपोटी घसारा दिसत नाही, भाडेपट्ट्याची रक्कम दिसते. घसाऱ्याच्या बेरजेवरून केंद्रांची तुलना करणाऱ्याला कोयना जवळजवळ फुकट पडते असे वाटू शकेल. सरदार सरोवराची गोष्ट महावितरणच्या कागदांत याहून दूर सरकते. नर्मदा जलतंट्याच्या निवाड्यानुसार तिथल्या 1450 मेगावॅट क्षमतेच्या केंद्रांतल्या विजेचा 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा. ती वीज खरेदीच्या तक्त्यात येते. त्या धरणाखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावे बाधित झाली, त्यात मणिबेलीसारखी गावे पहिल्यांदा पाण्याखाली गेली. या तालुक्यांनी विजेसाठी जे दिले, त्याला ना खरेदीच्या तक्त्यात रकाना आहे, ना घसाऱ्याच्या.

याच परिसरातले बिलगाव इथे आठवल्याशिवाय राहत नाही. अक्राणी तालुक्यातल्या या गावात 2003 साली उदई नदीच्या पाण्यावर 15 किलोवॅटचा छोटा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळमधल्या तरुण अभियंत्यांचे मार्गदर्शन, नर्मदा बचाओ आंदोलनाचा पुढाकार आणि गावाचे श्रमदान यांतून तो झाला. पाड्यांवर दिवे लागले. 2006 च्या पुरात तो प्रकल्प गेला. कोणत्याही विनियमात अशा यंत्रणेचे आयुष्य तीन वर्षे लिहिलेले नाही. दुसरे टोक खोपोलीला आहे. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, भिवपुरी आणि भिरा त्यानंतरच्या दशकात. यंत्रे बदलली, पण शंभर वर्षांपूर्वीची धरणे आणि त्यांची मूळ रचना अजून मुंबईला वीज देतात. त्या मूळ बांधकामाचा घसारा केव्हाच वसूल झाला असणार. वस्तू किती टिकेल आणि तिचे पैसे किती वर्षांत परत घ्यायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या दोन ठिकाणांइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

अमेरिकेत हा पहिला प्रश्न गंभीरपणे विचारला गेला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1909 मध्ये नॉक्सव्हिल शहर आणि तिथली पाणीपुरवठा कंपनी यांच्या खटल्यात, दर ठरवताना घसाऱ्याची तरतूद करण्याचा कंपनीला हक्क आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे, असे मानले. पुढे आयोवा राज्यातल्या महाविद्यालयात रॉब्ली विन्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औद्योगिक मालमत्ता प्रत्यक्षात किती वर्षांनी मोडीत निघते याच्या नोंदी जमवल्या आणि त्यांवरून मृत्युदराच्या वक्ररेषांसारख्या रेषा काढल्या. 1935 साली प्रसिद्ध झालेल्या त्या ‘आयोवा वक्ररेषा’ आजही तिथल्या वीज कंपन्यांच्या घसारा-अभ्यासात वापरल्या जातात. मोठ्या खासगी वीज कंपन्या दरवर्षी संघीय आयोगाकडे ‘फॉर्म 1’ भरतात. त्यात खांब-मनोरे 364 क्रमांकाच्या खात्यात, वरून जाणाऱ्या तारा 365 मध्ये, लाइनवरची रोहित्रे 368 मध्ये. खाते वेगळे, म्हणून प्रत्येकाचे आयुष्य वेगळे मोजता येते आणि एका कंपनीचे खांब दुसरीपेक्षा लवकर का मरतात, हा प्रश्न विचारता येतो.

त्यातली एक गोष्ट सातपुड्याला नेमकी लागू पडते. खांबाचे भंगारमूल्य तिथे पुष्कळदा उणे धरतात. जुना खांब काढायला, वाहून न्यायला, त्याची विल्हेवाट लावायला जो खर्च येतो तो भंगाराच्या किमतीहून जास्त असतो. आपल्याकडे सरसकट 10 टक्के अधिक धरले आहेत. जिथे गाडी पोहोचत नाही, जिथे खांब चढवताना माणसांच्या खांद्यांवरून न्यावा लागला, तिथला वाकलेला लोखंडी खांब खाली आणून कोण विकणार? कोकणात खाऱ्या हवेने लोखंड लवकर खाल्ले जाते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात हजारो खांब एका दिवसात आडवे झाले. विदर्भातल्या कोरड्या पठारावरचा खांब यांच्यापेक्षा सहज जास्त जगेल. तरी तिन्हींचा दर एक, तिन्हींचे भंगारमूल्य एक. महाराष्ट्राने आपल्या खांबांचा मृत्युदर परिमंडळनिहाय मोजावा, ही या पुस्तकामागची माझी सर्वांत मोठी मागणी आहे. मालमत्तेची नोंदवही प्रत्येक विभागाकडे असते. नंदुरबार मंडळातल्या लाइनींचे उभारणीचे वर्ष, निधीचा स्रोत आणि मोडीत निघाल्याचे वर्ष, एवढे तीन रकाने याचिकेसोबत जोडले, तरी डोंगरातल्या तारांचे वय प्रथमच कागदावर येईल.

हे काम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रात त्याची परंपरा आहे. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार राज्याला किती महागात पडेल, हे 1990 च्या दशकात पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आकडे सोडवून दाखवले. त्यातले गिरीश संत 2012 साली अकाली गेले, पण आयोगापुढचे कागद ग्राहकाच्या बाजूने वाचण्याची शिस्त त्यांच्या पिढीने घालून दिली. इचलकरंजीचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे सुनावण्यांत आकडे घेऊन उभे राहिले. आयोगाची स्थापना 1999 ची. कायद्याच्या कलम 64 नुसार दरयाचिका प्रसिद्ध करावी लागते, हरकती मागवाव्या लागतात आणि 120 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. हरकत कोणीही नोंदवू शकतो, मराठीत नोंदवू शकतो. संक्षिप्त याचिका मराठीत मिळते; घसाऱ्याचे सविस्तर तक्ते इंग्रजी फायलींत राहतात. काठीहून नाशिकच्या सुनावणीला जायचे तर डोंगर उतरून दिवस मोडावा लागतो. या पुस्तकातले तक्ते मराठीत मांडण्याचे कारण तेवढेच आहे.

ज्याला तक्त्यापासून सुरुवात करायची नसेल, त्याने घरचे बिल घ्यावे. त्यावर वीज आकाराशेजारी ‘वहन आकार’ लिहिलेला असतो. तारा आणि खांब यांच्यापोटी मंजूर झालेल्या घसाऱ्याचा मोठा भाग तिथून येतो. काठीतला ग्राहक आपल्या प्रत्येक युनिटवर तो देतो. त्याच्या स्वतःच्या लाइनीवर कदाचित नाममात्र घसारा असेल, पण तो राज्यातल्या साऱ्या कर्जाऊ तारांचे हप्ते फेडण्यात सहभागी असतो. हे त्याला कोणी सांगितलेले नाही. सांगितले असते तर डीपी जळाल्यावर कार्यालयात जाताना त्याची मान थोडी ताठ राहिली असती, असे मला वाटते.

पुढच्या काळात हा रकाना आणखी विरळ होईल, अशी चिन्हे आहेत. 2021 साली आलेल्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत तोटा कमी करण्याच्या कामांना साधारण राज्यांत 60 टक्के अनुदान आहे. म्हणजे आणखी तारा, आणखी खांब वजाबाकीत जाणार. स्मार्ट मीटर पुरवठादार कंपनी बसवते, तीच सांभाळते आणि तिला महिन्यागणिक रक्कम मिळते. पूर्वी मीटर मालमत्तेत येई आणि त्याचा घसारा निघे. आता तो चालू खर्चाच्या ओळीत जातो. घसारा घटला म्हणून वीज स्वस्त झाली, असे कोणी सांगू लागले तर खर्चाच्या बाकीच्या ओळी आधी तपासाव्यात.

पहिला तक्ता 6 जून 2005 चा आहे. त्या दिवशी 1960 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची विभागणी झाली आणि खांब, तारा, उपकेंद्रे महावितरणच्या वहीत आली. त्यातल्या रकमा वर्गवार एकत्र आहेत. कोणता खांब कोणत्या वर्षीचा, हे त्यांतून कळत नाही. म्हणून 2005 पूर्वीच्या मालमत्तेचे मी वेगळे पान केले आहे आणि त्यानंतर दरवर्षी वाढलेली मालमत्ता, तिच्यातला अनुदानाचा हिस्सा, वजावट आणि मंजूर घसारा अशा चार स्तंभांत मांडणी केली आहे. वाचताना दुसऱ्या स्तंभावर बोट ठेवून खाली यावे. ग्रामीण विद्युतीकरणाचा पैसा त्याच स्तंभात आहे.